वरची खाट

वर्तमानपत्रात लाइल रॅबिडोच्या निधनाच्या बातमीत त्याच्या नावाखाली 'तुरुंगाचे निवृत्त गार्ड' असं छापून आलं. ते त्याला आवडलं नसतं. आमच्याकडे गार्ड बँकेच्या दारात उभा असतो. आम्ही ऑफिसर. लाइल हा फरक नव्याने भरती झालेल्याला पहिल्याच दिवशी सांगायचा आणि तुरुंगाच्या साहेबालाही सांगायचा. साहेबाला सांगताना तेवढी टोपी काढायचा. बातमी चार ओळींची होती. तिच्यात त्याच्या बायकोचं, नोरीनचं नाव होतं, युनियनचं नव्हतं. मी ती दोन-तीनदा वाचली. कोणीतरी याहून जास्त लिहील असं वाटून थोडे दिवस वाट पाहिली. कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो आहे. लाइलबरोबर मी एकाच बराकीत उमेदीची वर्षं काढली आणि युनियनच्या सभेत त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. बोलायचं काम त्याचं होतं, माझं नव्हतं. त्यामुळे काही मागेपुढे झालं तर दोष माझा.

कोल्बी नॉचमधली लोखंडाची खाण बंद पडली तेव्हा आम्ही दोघं शाळेत होतो. गाव अर्धं रिकामं झालं. मग टेकडीवरचं क्षयरोग्यांचं जुनं इस्पितळ सरकारने तुरुंगासाठी घेतलं, भोवती तारांचं कुंपण घातलं, आणि उरलेलं गाव जागेवर राहिलं. लाइलचा बाप खाणीत गेला होता, लाइल तुरुंगात गेला. मीही गेलो. आमच्या वर्गातली निम्मी मुलं गेली. दुसरं काही नव्हतंच, आणि जे होतं ते वाईट नव्हतं. पगार वेळेवर यायचा, म्हातारपणाची सोय व्हायची, आणि डोंगरातलं घर सोडावं लागत नव्हतं.

लाइल उंच होता, थोडा वाकून चालायचा. आवाज चढवताना मी त्याला फारसं पाहिलं नाही. आतल्या माणसांशी तो हवापाण्याच्या गोष्टी करावा तसा बोलायचा, आणि ती माणसं त्याचं ऐकायची. त्याची एक सवय मात्र आम्हा सगळ्यांत होती, त्याच्यात जरा जास्त. आतली दारं आम्ही स्वतः उघडत नाही. दारासमोर उभं राहायचं, पलीकडचा माणूस आपल्याला बघतो आणि मग दार उघडतो. लाइल चर्चच्या दारापुढेही असा थांबायचा. किराण्याच्या दुकानापुढे थांबायचा. घरी पोचल्यावर स्वतःच्या दारापुढे दोन्ही हातांत सामान घेऊन थांबायचा, आणि नोरीन आतून म्हणायची, "ढकल रे, तुझंच घर आहे."

नोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गावातल्या प्रत्येक मुलाला कोणती भाजी आवडत नाही हे तिला ठाऊक असायचं आणि तीच ती वाढायची. पुढे तिची फुप्फुसं बिघडली. नाकाला प्राणवायूची नळी लागली. धाप लागली की बोलणं तुटायचं, पण टोमणा पुरा झाल्याशिवाय ती थांबायची नाही.

तुरुंगात आम्हाला फोन नेता येत नाही. तो बाहेर गाडीत ठेवायचा. घरच्यांचा आमच्याशी संबंध म्हणजे गेटवरचा एक फोन. तिथे मार्सी डुकेट बसायची. सगळ्यांच्या बायकांचे आवाज तिला ओळखू यायचे. नोरीनचा श्वास अडकला की ती गेटवर फोन लावायची. कधीकधी तिला बोलताही यायचं नाही, नुसती धाप ऐकू यायची. तेवढ्यावर मार्सी रेडिओवर म्हणायची, "रॅबिडो, गेटवर ये." कारण सांगायची नाही. आतल्यांच्या कानावर घरच्या गोष्टी जाऊ द्यायच्या नाहीत हा आमचा रिवाज. पाच मिनिटांत लाइलच्या जागी दुसरा माणूस उभा असायचा आणि लाइल उतारावरून गाडी हाकत घरी.

आता त्या खाटांचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच येऊन थांबतं.

एक काळ असा आला की सरकारकडे कैदी जास्त आणि जागा कमी झाली. आमच्या बराकी म्हणजे इस्पितळाचे जुने लांब वॉर्ड. मोठ्या खिडक्या, मध्ये भिंती नाहीत. तिथे प्रत्येक खाटेवर दुसरी लोखंडी खाट बोल्टने बसवली. जितकी माणसं होती तितकीच आणखी आली. ऑफिसर तेवढेच राहिले. लाइलने तेव्हाच सांगितलं होतं की हे बरं नाही. दुसऱ्या वर्षी आमचा सोबती ड्यूई लामोरा दुपारी कैद्यांची मोजणी करायला 'बी' बराकीत शिरला. दोन खाटांच्या मधून जात असताना वरच्या खाटेवरच्या एकाने मोज्यात घातलेलं कुलूप फिरवून त्याच्या डोक्यात घातलं. का घातलं ते कधी कळलं नाही. ड्यूई जगला. डावा डोळा गेला, तोल गेला. पुढे तो घराच्या पडवीत बर्फ उपसायची यंत्रं आणि करवती दुरुस्त करायचा, भिंतीला एक हात टेकून.

आम्हाला संप करायला कायद्याने बंदी आहे. म्हणून लाइलने असं केलं की पाळी संपली की गणवेश उतरवायचा आणि गेटबाहेरच्या रस्त्यावर पाटी घेऊन उभं राहायचं. पाटीवर एवढंच लिहिलेलं होतं: वरच्या खाटा काढा. पहिल्या आठवड्यात तो एकटाच होता. मग मी उभा राहिलो. मग बाकीचे आले. नोरीन शाळेच्या मोठ्या पातेल्यातून हरणाच्या मटणाचा रस्सा आणायची. ड्यूई डोळ्यावर पट्टी बांधून यायचा आणि म्हणायचा, "मला या बाजूला उभा कर, रॅबिडो. त्या बाजूची गाडी मला दिसत नाही आणि ड्रायव्हरला माझं तोंड दिसून तो घाबरतो."

एकदा एक वार्ताहर बाई राजधानीहून आल्या. त्यांनी विचारलं, "खाट वर असली काय आणि खाली असली काय, माणूस तोच ना?"

लाइल म्हणाला, "बाई, मोजणी म्हणजे नुसती डोकी मोजायची नसतात. माणूस बघायचा असतो. खाली उभं राहिलं की वरच्या खाटेवरच्याचं काही कळत नाही. झोपलाय का जागा आहे, रडतोय का, हातात काही आहे का. गादीचा फुगवटा दिसतो, बस."

ते वाक्य छापून आलं. दोन हिवाळे आम्ही त्या रस्त्यावर काढले आणि अखेर सरकारने मान्य केलं. कोल्बी नॉचच्या वरच्या खाटा निघाल्या. लाइलच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस होता असं मला वाटतं. त्याने मात्र पाटी मोडून शेगडीत घातली आणि म्हणाला, "आता निदान पाय गरम होतील."

काढलेल्या खाटा भंगारात निघाल्या तेव्हा युनियनने त्यातल्या काही घेतल्या आणि तळ्यापलीकडच्या आमच्या शिकारीच्या झोपडीत नेल्या. तिथे त्या पुन्हा दुमजली लावाव्या लागल्या, कारण झोपडी लहान. पण वर कोणी झोपायचं नाही हा नियम आपोआप पडला. वर बंदुकांच्या पेट्या, बूट, ओले कोट. एखादा नवा पोरगा चुकून वर चढला तर खालून चार जण त्याचे पाय ओढायचे.

पुढे बरीच वर्षं गेली. मी निवृत्त झालो. निवृत्त माणसालाही सभेत बसता येतं, मत देता येत नाही, ते मला सोयीचं होतं. देशभर कैद्यांची संख्या कमी होत गेली आणि सरकार तुरुंग बंद करायला निघालं. यादीत कोल्बी नॉच आलं. कारण दिलं होतं की इथे निम्म्या जागा रिकाम्या आहेत.

आम्हाला वाटलं, कोणाची तरी चूक झाली. बराकी तर भरलेल्या होत्या. लाइल राजधानीला जाऊन आला तेव्हा उलगडा झाला. तुरुंगाची क्षमता सरकारने जुनीच धरली होती, वरच्या खाटांसकट. खाटा निघाल्या, पण हिशेबातून त्या कोणी काढल्याच नव्हत्या. प्रत्येक खाटेवर एक रिकामी खाट सरकारला अजून दिसत होती.

"मी त्यांना म्हटलं, त्या खाटा आमच्या झोपडीत आहेत," लाइल मला सांगत होता. "त्यांच्यावर बूट ठेवलेत."

"मग?"

"हसले. चांगली माणसं होती. कॉफी दिली. म्हणाले, पण परत बसवता येतील ना?"

तो स्वतः हसला नाही. त्याला जे कळलं होतं ते मलाही कळलं. त्या रस्त्यावर आम्ही उभे राहिलो नसतो तर त्या खाटा जागेवर, भरलेल्या असत्या आणि कोल्बी नॉच यादीत आलंच नसतं.

मग कंपनी आली. दक्षिणेकडे तिचे बरेच तुरुंग होते. प्रेंटिस नावाचे गृहस्थ तिच्या वतीने आले. साधे, नम्र, बर्फातले बूट नसल्याने घसरत चालणारे. सरकार बंद करत असेल तर आम्ही चालवू, असं त्यांचं म्हणणं. निम्मी माणसं ठेवू. पगार कमी, युनियन नाही, सगळ्यांची नोकरी पहिल्या दिवसापासून नवी. आणि वरच्या खाटा परत बसवू, कारण त्याशिवाय परवडत नाही. बाकीच्यांनी सरकारी बदली घेऊन जिथे जागा मिळेल तिथे जावं. मात्र युनियनच्या विरोधात आम्हाला यायचं नाही, म्हणाले. तुम्ही होकार दिला तरच येऊ.

लाइलला ते एकट्याला भेटले होते. मी बाहेर गाडीत बसलो होतो. लाइल आला, दार लावलं, आणि बराच वेळ किल्ली फिरवलीच नाही.

"पाळीचा प्रमुख करतो म्हणाला," तो म्हणाला. "दिवसपाळी. घरापासून दहा मिनिटं."

"आणि बदली झाली तर?"

"तर दक्षिणेत, नदीच्या खालच्या टोकाला. सहा तास. जागा आहेत त्या तिथेच."

निवृत्तीला त्याची तीन वर्षं राहिली होती. नोरीन गाव सोडू शकत नव्हती, डॉक्टर, नळ्या, प्राणवायूच्या टाक्या, बहीण, सगळं इथेच. म्हणजे होकार दिला तर लाइल घरी राहणार, नकार दिला तर नोरीन आठवड्यातले पाच दिवस एकटी राहणार. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तो काय करतो ते सगळे बघत होते.

त्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. नोरीन बटाटे सोलत होती, टाकी शेजारी फुसफुसत होती.

"माझ्यासाठी हो म्हणालास," ती म्हणाली, "तर जन्मभर मला ऐकवशील."

"मी कधी काय ऐकवलंय तुला?"

"तोंडाने नाही रे. तू दारात उभा राहून ऐकवतोस." तिने धाप आवरली. "आणि माझ्यासाठी नाही म्हणू नकोस. तेवढं ओझं मला नको. माझा फोन उचलला गेला म्हणजे झालं. इथे मार्सी आहे, तिथेही असेल कोणीतरी मार्सी."

"असेल," लाइल म्हणाला.

"मग बटाटे पुसून दे." ती माझ्याकडे वळली. "फॅक्टो, तू नुसता बसू नकोस, तुला पाहुणा कोणी म्हटलं?"

सभा अग्निशामक दलाच्या खोलीत झाली, बंबाच्या शेजारी खुर्च्या मांडून. युनियनचे सगळे आले होते, आणि मत नसलेलं गावही भिंतीला टेकून उभं होतं. खाणावळवाली जोअॅन होती, शाळेतले होते, पेट्रोल पंपाचा मालक होता. त्यांना तुरुंग हवा होता. तो कोणाचा हे त्यांना विचारायचं नव्हतं, आणि त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. लहान मुलं असलेले तरुण ऑफिसरही तेच म्हणाले. एकजण म्हणाला, "कमी पगार म्हणजे शून्य पगार नव्हे, लाइल."

मग ड्यूई उठला. तो युनियनचा राहिला नव्हता, पण त्याला बसवायची कोणाची छाती झाली नाही. एक हात त्याने बंबावर टेकवला.

"खाटांची गोष्ट निघाली की तुम्ही सगळे माझ्याकडे बघता," तो म्हणाला. "बघा. उरलेल्या डोळ्याने मीही तुमच्याकडे बघतोय. माझ्याकडे करवत दुरुस्तीला कोण आणतं? तुम्हीच आणता. तुम्ही गेलात तर मी कोणाची करवत दुरुस्त करू, अस्वलांची? लाइल, माझ्यासाठी म्हणून अडून बसू नकोस. माझं व्हायचं ते झालं. बसव त्या खाटा."

लाइल उभा राहिला. मी त्याच्या शेजारी होतो, त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर होता.

"ड्यूई," तो म्हणाला, "तुझ्यासाठी नाही. तू पडलास तेव्हा आपण पुरेसे होतो. तुला उचलायला चौघं धावलो. हे लोक निम्मी माणसं ठेवणार. पुढच्या ड्यूईला कोण उचलेल?" मग म्हणाला, "आणि खाली झोपणाऱ्याचंही आहे. तोही कोणाचा तरी कोणी असतो. वर काय चाललंय ते त्यालाही दिसत नाही. मी नाही म्हणणार. तुम्ही मनाप्रमाणे करा. मला राग येणार नाही."

ड्यूई म्हणाला, "तुला राग येतच नाही, तीच तर अडचण आहे," आणि थोडे लोक हसले.

मतं कॉफीच्या मोठ्या डब्यात टाकली. थोडक्यात नकार जिंकला. कोणी टाळी वाजवली नाही. जोअॅन निघताना लाइलकडे न बघता त्याच्या समोरून गेली. दुसऱ्या दिवशी खाणावळीत आम्ही बसलो तर ती किटली घेऊन आमच्या टेबलावरून तीनदा गेली. लाइलने कप पुढे केला.

"थांबावं लागेल," ती म्हणाली. "आधी ज्यांना गावात राहायचंय त्यांना."

तो थांबला. कॉफी शेवटी आली, कोमट. त्याने ती संपवली, नेहमीसारखी बक्षिसी ठेवली. उठून दारापाशी गेला आणि दार उघडायची वाट बघत उभा राहिला. मी पुढे होऊन दार ढकललं. तेव्हा त्याच्या सवयीचं कोणाला हसू आलं नाही.

तुरुंग वसंतात बंद झाला. कैद्यांना बसमधून नेलं. आमच्याकडे किल्ल्या घेताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला खिळ्यावर टांगायचा आणि किल्ल्या परत केल्या की बिल्ला घ्यायचा असा नियम आहे. शेवटच्या दिवशी बिल्ले सरकारजमा करायचे होते. मार्सीने सगळ्यांचे घेतले. लाइलचा घेताना ती म्हणाली, "तुझा हरवला असं लिहिते." त्याने मान हलवली आणि बिल्ला तिच्या हातात ठेवला. नियम म्हणजे नियम, त्यात त्याला स्वतःसाठी सूट घेता यायची नाही. मार्सीची बदली झाली पश्चिमेला.

लाइल दक्षिणेत गेला. तिथल्या गावात घरभाडं एकट्याला झेपणारं नव्हतं. आमच्यासारख्या बंद झालेल्या तुरुंगांतून आलेले ऑफिसर मिळून एक घर घेतात आणि एकेका खोलीत चार-चार जण राहतात. पाच दिवस काम, मग सहा तास गाडी चालवून घर, दोन दिवस बायकोपाशी, परत सहा तास. लाइल असं जवळजवळ दीड वर्ष करत होता. मी त्याला विचारायचो तिकडे कसं आहे. तो म्हणायचा, "बरं आहे. तुरुंग तो तुरुंग." नोरीनकडे मी रोज सकाळी जाऊन टाकी बघून यायचो. ती म्हणायची, "लाइलने पाठवलं का तुला?" मी नाही म्हणायचो. ती म्हणायची, "तुरुंगात राहूनही तुला खोटं बोलता येत नाही, काय शिकलास मग?"

ती गेली ती नोव्हेंबरात, दिवसाढवळ्या. तिला श्वास येईना तेव्हा तिने आधी त्या दूरच्या तुरुंगाच्या गेटवर फोन लावला. नंतर बहिणीला. हे फोनवर दिसत होतं म्हणून कळलं. गेटवरच्या माणसाने नुसती धाप ऐकली आणि कोणीतरी चेष्टा करतंय असं समजून फोन ठेवला. तुरुंगात असले फोन येतात, मलाही आले आहेत. त्याला काय माहीत. मग बहिणीने इस्पितळातून लावला तेव्हा त्याने निरोप नीट घेतला, आणि तिथल्या नियमाप्रमाणे तो पाळी संपल्यावर मिळेल अशा जागी ठेवला. तो तुरुंग मोठा आहे, आमच्यासारखे पाच त्यात मावतील. रॅबिडो कोण हे गेटवरच्याला ठाऊक नव्हतं. लाइल बाहेर आला, निरोप घेतला, गाडीतला फोन उघडला. तोवर सगळं झालं होतं.

अंत्यविधीला गाव आलं. जोअॅनने जेवण केलं आणि सगळ्यात आधी लाइलला वाढलं. ड्यूई त्याच्याशेजारी बसून राहिला. मग म्हणाला, "तू हो म्हणाला असतास तर, हे तुझ्या डोक्यात येत असेल."

"येतं," लाइल म्हणाला.

"माझ्याही येतं. तू नाही म्हणालास ते बरोबर होतं, हे मला त्या दिवशी सांगायला हवं होतं. मी करवतींचं बोलत बसलो."

"करवतींचंही खरं होतं," लाइल म्हणाला.

त्याला सुट्टी वाढवून मिळाली असती. त्याने मागितली नाही. घरात बसून काय करू, म्हणाला. या वेळी त्याने रात्रपाळी मागून घेतली, माणसं कमी होती तिथे. त्याने एकट्याने गाडी चालवू नये असं मला वाटलं म्हणून मी त्याला पोचवायला गेलो. वाटेत एका ठिकाणी थांबून सँडविच घेतलं, त्याने अर्धं खाल्लं आणि अर्धं कागदात बांधून माझ्या बाजूला ठेवलं.

दुपारी पोचलो. घराच्या दारात तो थांबला. मी दार ढकललं.

खोली लहान होती. खिडकीवर घोंगडी खिळ्यांनी ठोकलेली, दिवसा झोपणाऱ्यांसाठी. दोन दुमजली खाटा, लोखंडी. एका खाटेवर खाली टेरेल नावाचा चाळिशीचा ऑफिसर बसून बूट बांधत होता. लाइलला बघून तो उठला. त्याने टोपी काढली आणि ऐकून वाईट वाटलं म्हणाला. मग आपली चादर गोळा करू लागला.

"तुम्ही खाली घ्या, रॅबिडो," तो म्हणाला. "मी वर जातो. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय."

लाइलची पिशवी वरच्या खाटेवर टांगलेली होती. तोपर्यंत माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. दीड वर्ष त्याने मला हे सांगितलं नव्हतं.

"तू आधी आलास," लाइल म्हणाला. "खालची तुझी. जो आधी येतो तो निवडतो, तुरुंगातही आणि घरातही."

"तुमचे गुडघे बघा."

"गुडघे माझे आहेत."

टेरेलने माझ्याकडे पाहिलं. आपण काहीतरी बोलावं असं मला फार वाटलं. लाइलशी वाद घालणं मला कधी जमलं नाही, त्या दिवशीही जमलं नाही. टेरेल चादर परत अंथरून कामावर गेला. लाइलने बूट काढले आणि बोटं दाराकडे करून शेजारी शेजारी ठेवले. मग शिडीला धरून एकेक पायरी चढला. गुडघ्यांचा आवाज येत होता. वर गेल्यावर तो भिंतीकडे वळला असावा.

"तू निघ, फॅक्टो," वरून आवाज आला. "अंधाराच्या आत डोंगर गाठ."

"जातो," मी म्हटलं, आणि खुर्चीवर बसून राहिलो.

घरात दुसरं कोणी नव्हतं. खिडकीच्या घोंगडीच्या कडेने थोडा उजेड येत होता. मी वर पाहिलं. लोखंडी पट्ट्या होत्या आणि त्यांच्यामधून खाली आलेला गादीचा फुगवटा. झोपलाय का जागा आहे, रडतोय का, मला खालून काही कळलं नाही.